कोरी डिस्क 'कोणतीही' चालत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी वेळीच डीव्हीडीवर उतरवून घ्या, असे सांगणारा मजकूर आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. सल्ला योग्यच आहे. मात्र 'एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळवावा आणि कोणत्याही कोऱ्या डिस्कवर रेकॉर्डिंग करून घ्यावे' या त्यातल्या एका वाक्याने वाचकांचे पैसे वाया जातील. एखादी कॅसेट आता जेमतेम एकदाच चालण्याच्या अवस्थेत असेल, तर तीही हातची जाईल. रेकॉर्डर आणि कोरी डिस्क या गोष्टी जोडीने निवडायच्या असतात. यंत्र २००४ चे आणि डिस्क १६एक्स वेगाची (मूळ वेगाच्या सोळा पटींनी लिहिता येणारी) असेल, तर दोन्ही निर्दोष असूनही काम अडते, आणि बोल मात्र कॅसेटला किंवा दुकानदाराला लागतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणारे यूएसबीचे छोटे कॅप्चर डोंगल बाजारात मिळत असताना रेकॉर्डर कशाला, असे कोणी विचारील. व्हीएचएस कॅसेटमधून येणारा सिग्नल कधीच स्थिर नसतो. टेप जागोजागी ताणलेली असते, व्हीसीआरची गती किंचित कमीजास्त होते आणि चित्राची प्रत्येक ओळ थोडी पुढेमागे सुरू होते. स्वस्त डोंगल अशा ठिकाणी फ्रेम गाळतो, आणि तासाभराने ओठ एकीकडे व आवाज दुसरीकडे असा प्रकार होतो. डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये आलेले चित्र आधी साठवून, वेळेत बसवून मग पुढे पाठवतात. चित्र आणि आवाज एकाच घड्याळावर नोंदले जातात. पॅनासॉनिकची डीएमआर-ईएस१० आणि डीएमआर-ईएस१५ ही मॉडेले यासाठीच अजून शोधली जातात. कॅसेटच्या चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा फडफडतो तो ती बऱ्याच अंशी सरळ करतात. काही जण तर त्यांत डिस्क घालतच नाहीत. व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये नुसता सिग्नल पार करण्यासाठी ती वापरतात. महागडे कॅप्चर कार्ड, टाइम बेस करेक्टर (डळमळता सिग्नल स्थिर करणारा भाग) असलेला व्हीसीआर आणि भरपूर हार्ड डिस्क जवळ असेल त्याचे काम यापेक्षा सरस होईल हे खरे, पण घरगुती दहा-वीस कॅसेटींसाठी धड चालणारा रेकॉर्डर पुरतो.

याला अपवाद मिनीडीव्हीचा. त्या कॅसेटवर मुळातच डिजिटल नोंद असते. ती फायरवायरच्या तारेने संगणकावर जशीच्या तशी उतरते आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते. ती रेकॉर्डरमधून डीव्हीडीवर घेणे म्हणजे चांगले चित्र हाताने दाबून लहान करणे होय. या पत्रात पुढे जे आहे ते व्हीएचएस, व्हीएचएस-सी, व्हिडिओ८ आणि हाय८ या अ‍ॅनालॉग कॅसेटींसाठी आहे.

आता निवडीकडे वळू. माझा आग्रह असा की सुरुवात डिस्कपासून करावी. आज नवी आणि सहज मिळणारी कोरी डिस्क म्हणजे ४.७ जीबीची, एकाच थराची, १६एक्सची मायनस आर किंवा प्लस आर (वेष्टनावर डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर), म्हणजे एकदाच लिहिता येणारी. तेव्हा ही डिस्क ज्या यंत्राला चालते तेच यंत्र घ्यावे. उलटा क्रम धरला, म्हणजे स्वस्तात मिळाले म्हणून यंत्र आधी घेतले, की ४एक्स किंवा ८एक्सच्या डिस्क शोधत हिंडावे लागते. त्या आता कुणी बनवत नसल्यासारख्याच आहेत.

एक्सचा आकडा इतका का महत्त्वाचा? डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला ११.०८ मेगाबिट. घरगुती रेकॉर्डर समोर चाललेले चित्र तत्क्षणी नोंदवतो, त्यामुळे त्याला एवढाही वेग लागत नाही. मग १६एक्सची डिस्क चालायला काय हरकत? हरकत रंगाच्या थराची आहे. लेसर ज्या सेंद्रिय रंगावर खुणा उमटवतो तो वेगवान डिस्कमध्ये वेगळ्या रीतीने बनवलेला असतो. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्यातच तिच्या निर्मात्याचा आणि प्रकाराचा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. रेकॉर्डर तो वाचतो, आपल्या मेमरीतल्या तक्त्यात शोधतो आणि लेसर किती ताकदीने, किती वेळ पेटवायचा ते ठरवतो. २००४ च्या यंत्राच्या तक्त्यात नंतर निघालेली डिस्क नसते. मग ते एक तर डिस्क नाकारते किंवा अंदाजाने लिहिते. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण रेकॉर्डिंग झाल्यासारखे दिसते, त्याच यंत्रावर चालतेही, आणि दुसऱ्या प्लेअरमध्ये मध्येच चौकोन चौकोन दिसून अडकते. म्हणून साधारण २००६ नंतरचे मॉडेल बघावे आणि माहितीपुस्तिकेत १६एक्सचा उल्लेख आहे का ते तपासावे. बहुतेक जुन्या मॉडेलांच्या पुस्तिका इंटरनेटवर सापडतात. डिस्कच्या तक्त्याचे पान वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मायनस आणि प्लस हा घोळ कंपन्यांच्या दोन गटांनी घातलेला आहे. डीव्हीडी फोरम या गटाने मायनस आर आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या मायनस आरडब्ल्यू व रॅम आणल्या, तर फिलिप्स, सोनी, एचपी, रिको अशा कंपन्यांच्या गटाने प्लस आर आणि प्लस आरडब्ल्यू. सुरुवातीचे पायोनियर मायनसचे, सुरुवातीचे पॅनासॉनिक रॅम आणि मायनस आरचे, फिलिप्स प्लसचे. २००५ च्या पुढे बरीच यंत्रे दोन्ही घेऊ लागली. यंत्रावरच्या चिन्हांवर विसंबून चालत नाही. कधी कधी प्लसची डिस्क नुसती वाजते, तिच्यावर लिहिता येत नाही. 'प्ले' आणि 'रेकॉर्ड' असे दोन वेगळे तक्ते पुस्तिकेत असतात, त्यातला रेकॉर्डचा पाहावा. दोन्ही चालत असतील तर जुन्या प्लेअरमध्ये वाजण्याच्या दृष्टीने मायनस आर घ्यावी.

पुन्हा पुसून वापरता येणाऱ्या आरडब्ल्यूचा मोह बऱ्याच जणांना होतो. सरावासाठी आणि यंत्राची चाचणी घेण्यासाठी एखादी जवळ असावी, ठेवणीतल्या कामासाठी नको. तिचा परावर्तित प्रकाश कमी असल्याने जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत. त्यातही मायनस आरडब्ल्यूच्या ६एक्स डिस्क जुन्या २एक्सच्या रेकॉर्डरला परक्या असतात. रॅमचे तसेच आहे : ५एक्सपर्यंतच्या डिस्क जुन्या यंत्रात चालतात, त्याहून वेगवान दुसऱ्या वर्गातल्या म्हणून चालत नाहीत. रॅमवर एक लाख वेळा लिहिता येते असे सांगतात, पण ती वाचणारा प्लेअरच शेजारीपाजारी नसेल तर त्या लाखाचे करायचे काय?

दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क टाळावी. ती महाग असते, बरेच रेकॉर्डर ती घेत नाहीत, आणि घेतली तरी पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना बिघडण्याचे प्रमाण जास्त असते. तीन तासांची कॅसेट एका डिस्कवर बसवण्याचा हट्ट सोडून दोन साध्या डिस्क वापराव्यात.

ब्रँडविषयी बोलताना जुनी नावे जपून घ्यावीत, कारण वेष्टनावरचे नाव आणि आतला कारखाना यांचा संबंध राहिलेला नाही. जाणकार ज्या डिस्कचे नाव घेत त्या जपानच्या ताइयो युडेनने २०१५ च्या अखेरीस हा धंदा बंद केला. व्हर्बॅटिम हे नाव २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सने मित्सुबिशी केमिकलकडून घेतले. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. तेव्हा कुठल्या दुकानात तिचे पन्नास डिस्कचे डबे दिसले तर माल निदान तेव्हाचा आहे हे समजून घ्यावे. कोऱ्या डिस्कचा रंगही न वापरता जुना होतो. गोदाम किनाऱ्यालगतचे आणि पत्र्याचे असेल तर लवकरच होतो. 'जुना माल म्हणजे चांगला माल' हा समज इथे चालत नाही.

आतला कारखाना कळायचा एक सोपा मार्ग आहे. संगणकाच्या डीव्हीडी रायटरमध्ये कोरी डिस्क घालून इमगबर्न हा मोफत प्रोग्राम उघडला, की उजव्या बाजूला डिस्कचा सांकेतिक क्रमांक दिसतो. १६एक्सच्या मायनस आरमध्ये टीवायजी०३ हा ताइयो युडेनचा आणि एमसीसी ०३आरजी२० हा मित्सुबिशीचा. हे दोन्ही क्रमांक नकली मालावरही छापून येतात, त्यामुळे क्रमांक चांगला दिसला तरी लिहून पाहण्याची चाचणी चुकत नाही. एकदम शंभर डिस्क घेऊ नयेत. आधी दहा घ्याव्यात, त्यातली एक पूर्ण भरून लिहावी आणि मग ती संगणकावर पूर्ण कॉपी करावी. कॉपीचा वेग शेवटी शेवटी कोसळला किंवा ड्राइव्ह घरघरू लागला तर तो माल परत करावा. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि कमकुवत डिस्क बाहेरच्या कडेलाच पहिल्यांदा दगा देते. म्हणून चांगली डिस्कही काठोकाठ भरू नये. दोन तासांच्या मोडमध्ये १ तास ५० मिनिटांवर थांबावे.

आता यंत्र. नवे घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर आपल्या दुकानांतून केव्हाच गेले. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन जाहिरात, मिळणार ते वापरलेलेच. आखातातून किंवा सिंगापूरहून कोणी आणलेले असेल तर ते बहुधा पाल (आपल्याकडच्या टीव्ही चित्राच्या) पद्धतीचे आणि २२०-२४० व्होल्टचे असते, त्याची अडचण नसते. अमेरिकेहून आलेले १२० व्होल्टचे आणि एनटीएससी (तिकडच्या टीव्ही चित्राच्या) पद्धतीचे यंत्र फुकट मिळाले तरी आपल्या कॅसेटींना उपयोगाचे नाही.

याची उलट बाजू अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटींची. त्या एनटीएससीच्या असतात. आपल्याकडच्या बऱ्याच व्हीसीआरवर त्या टीव्हीवर दिसतात, पण तेव्हा व्हीसीआर जो सिग्नल देतो तो धड पालही नसतो आणि धड एनटीएससीही नसतो. टीव्ही त्याला सांभाळून घेतो, रेकॉर्डर घेत नाही. चित्र काळेपांढरे येते, सरकते किंवा येतच नाही. शुद्ध एनटीएससी सिग्नल देणारा व्हीसीआर लागतो आणि रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये टीव्हीची पद्धत बदलावी लागते. एकाच डिस्कवर दोन्ही पद्धतींचे रेकॉर्डिंग करता येत नाही.

विकणारा 'यात टीव्ही ट्यूनरही आहे' म्हणून भाव वाढवील. त्या ट्यूनरला आता किंमत नाही. मुंबईत केबलचे डिजिटलीकरण २०१२ च्या अखेरीस झाले, पुणे-नागपूरसारख्या शहरांत २०१३ मध्ये, बाकी महाराष्ट्रात नंतर टप्प्याटप्प्याने. रेकॉर्डरचा ट्यूनर अ‍ॅनालॉगच पकडतो. महत्त्वाची आहेत ती मागची आणि पुढची भोके : पिवळी, लाल आणि पांढरी आरसीए इनपुट तर हवीतच, हाय८ कॅमेरा किंवा एस-व्हीएचएस डेक असेल तर एस-व्हिडिओ इनपुटही हवे. एचडीएमआय असते ते बाहेर जाणारे, त्यातून आत काही घेता येत नाही.

रिमोट नसलेले यंत्र अर्ध्या किमतीतही घेऊ नये. प्ले, स्टॉप आणि रेकॉर्ड एवढीच बटणे यंत्रावर असतात. फायनलाइज (म्हणजे डिस्क इतर प्लेअरवर चालेल अशी बंद करणे), इनपुटची निवड, रेकॉर्डिंगचा मोड (म्हणजे एका डिस्कवर किती तास बसवायचे) हे सगळे रिमोटच्या मेनूतून करावे लागते. बाजारातल्या सर्वसाधारण रिमोटला तो मेनू उघडता येईलच असे नाही.

व्हीसीआर आणि डीव्हीडी एकत्र असलेले कॉम्बो यंत्र जागा आणि तारा वाचवते. त्यातला व्हीसीआर मात्र साधारण दर्जाचा असतो आणि त्याने टेप चावायला सुरुवात केली की सगळे यंत्र दुरुस्तीला न्यावे लागते. वेगळा चांगला व्हीसीआर आणि वेगळा रेकॉर्डर बरा. हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर कामाला सगळ्यांत सोयीचा. आधी हार्ड डिस्कवर घ्यायचे, मुंग्या आलेले भाग कापायचे आणि मग डीव्हीडीवर जलद प्रत काढायची. पॅनासॉनिकमध्ये यासाठी जलद कॉपीचे सेटिंग रेकॉर्डिंगच्या आधी चालू करावे लागते; नंतर केले तर प्रत पुन्हा तितकाच वेळ घेते आणि चित्र पुन्हा एकदा दाबले जाते. या यंत्रांतली हार्ड डिस्क पंधरा-वीस वर्षे जुनी असते. ती काढून संगणकाला जोडली तरी आतले काही दिसत नाही, कारण तिची मांडणी त्या कंपनीची स्वतःची असते. म्हणून हार्ड डिस्कवर काम ठेवून द्यायचे नाही, त्याच आठवड्यात बाहेर काढायचे.

खरेदीच्या वेळी दुकानात काय करावे? स्वतःची कोरी डिस्क न्यावी. प्लग लावल्यावर यंत्र किती वेळात सुरू होते ते बघावे. 'हॅलो' किंवा 'प्लीज वेट' वर अडकून राहिले तर बहुतेक वेळा पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगलेले असतात. ते दुरुस्त होते, पण भाव त्या हिशेबाने करावा. मग पाच मिनिटे रेकॉर्ड करावे, डिस्क बाहेर काढून पुन्हा घालावी, आणखी पाच मिनिटे रेकॉर्ड करावे, फायनलाइज करावे आणि दुकानातल्याच दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहावे. नुसता सिनेमा वाजवून दाखवला यावर समाधान मानू नये. वाचायला लागणारी लेसरची ताकद थोडी असते, लिहायला कितीतरी जास्त. थकलेला लेसर वाचत राहतो आणि लिहिताना हरतो.

यंत्र आणि डिस्क ठरली की प्रश्न येतो मोडचा. एका थराच्या डिस्कवर एक तासाचा मोड घेतला तर सेकंदाला साधारण १० मेगाबिट मिळतात, दोन तासांच्या एसपीला सुमारे ५, चार तासांच्या एलपीला अडीच आणि सहा तासांच्या ईपीला पावणेदोनच्या आत. पालचे पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ चे. एलपीत बरीच यंत्रे रुंदी अर्धी करून ३५२ बाय ५७६ वर येतात, ईपीत उंचीही अर्धी होते. व्हीएचएसमध्ये मुळातच आडवा तपशील कमी असतो, त्यामुळे ३५२ रुंदीने काही बिघडत नाही असा युक्तिवाद करतात. कागदावर तो बरोबर आहे. प्रत्यक्षात जुन्या कॅसेटमध्ये मुंग्या असतात आणि यंत्र त्या मुंग्यांनाही तपशील समजून त्यांच्यावर बिट खर्च करते. लग्नातले हलते फुलांचे हार, गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल, रंगमंचावरचा मंद प्रकाश अशा ठिकाणी मग चौकोन दिसू लागतात. एसपीच्या खाली जाऊ नये. तासाभराची कॅसेट असेल तर एक तासाचा मोड जरूर वापरावा, फक्त आवाज एलपीसीएम (न दाबलेला) ऐवजी डॉल्बी (दाबलेला) वर ठेवावा. एलपीसीएम दीड मेगाबिट खातो आणि साध्या व्हीएचएसच्या आवाजात तेवढे काही नसते. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटसाठी नाटकाच्या अंकाच्या जागी तोडून दोन डिस्क कराव्यात.

रेकॉर्डिंगच्या आधी कॅसेटच्या पाठीवरचा रेकॉर्डचा टॅब मोडलेला आहे ना ते बघावे, नसेल तर मोडावा. जुन्या व्हीसीआरचे बटण अडकले तर तो कॅसेटवरच लिहायला लागू शकतो. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली तर मात्र ती कॅसेट यंत्रात अजिबात घालू नये. ती बुरशी आहे. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पेटीत ठेवलेल्या कॅसेटींना ती हमखास लागते. ती व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. अशी कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर काही दिवस कोरडी करून, साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. हेड साफ करताना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शॅमी चामड्याचा तुकडा ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला) स्थिर टेकवून ड्रम हाताने फिरवायचा. तुकडा वरखाली घासायचा नाही आणि कानातली कापसाची काडी तर वापरायचीच नाही. हेडची टोके तिने मोडतात.

कधी घरगुती कॅसेट असूनही रेकॉर्डर 'कॉपी करता येत नाही' असे सांगून थांबतो. विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटीवर मॅक्रोव्हिजनचे, प्रत काढू न देणारे संरक्षण असते आणि तिथे थांबणे हे त्याचे कामच आहे. पण झिजलेल्या टेपचा विस्कळीत सिग्नल त्याला तसाच वाटू शकतो. हेड साफ करून, ट्रॅकिंग हाताने जुळवून किंवा दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बहुतेक वेळा हे सुटते.

सगळ्यांत जास्त डिस्क वाया जातात त्या फायनलाइज न केल्यामुळे किंवा ते अर्धवट राहिल्यामुळे. फायनलाइज म्हणजे डिस्कची अनुक्रमणिका आणि शेवटची खूण लिहून ती इतर प्लेअरना कळेल अशी बंद करणे. यंत्राप्रमाणे दोन ते पंधरा मिनिटे लागतात. या वेळात वीज गेली तर सगळे लटकते. राज्यात जिथे भारनियमन आहे तिथे रेकॉर्डर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवरच लावावा. फायनलाइज न केलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरमध्ये घालून बंद करायचा प्रयत्न करू नये, शक्यतो त्याच यंत्रावर करावे. यंत्रच मेले असेल तर आयसोबस्टर हा प्रोग्राम संगणकाच्या ड्राइव्हमधून अशा डिस्कवरचे रेकॉर्डिंग अनेकदा काढून देतो, तेव्हा डिस्क फेकू नये. आरडब्ल्यू वापरणाऱ्यांनी ती तयार करताना व्हीआर मोड न निवडता व्हिडिओ मोड निवडावा. व्हीआरमध्ये कापाकापी सोपी असते, पण साधा प्लेअर ती डिस्क वाजवत नाही.

डिस्क बंद झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. त्याच दिवशी ती संगणकावर उतरवावी. व्हिडिओ टीएस नावाच्या फोल्डरमध्ये जास्तीत जास्त १ जीबीच्या व्हीओबी फाइली दिसतात. मेकएमकेव्ही हा प्रोग्राम त्यांची एकच फाइल करून देतो आणि चित्र पुन्हा दाबत नाही. मोबाइलवर पाठवायला हवी तर त्यावरून वेगळी लहान प्रत करावी, मूळ फाइल तशीच राहू द्यावी. माझ्या मते आज डीव्हीडी हे कॅसेटवरून हार्ड डिस्कवर जाण्याचे वाहन आहे आणि दोन हार्ड डिस्कवर प्रत असेल तरच काम पुरे झाले. तरीही डिस्क नीट ठेवावी. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्या चिकटवून केलेली असते आणि माहितीचा थर मध्ये असतो. वाकवून डबीतून काढली की चिकटवलेली कड सुटते. मधला खटका दाबून काढावी, कागदी लेबल चिकटवू नये, बॉलपेनऐवजी पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनाने लिहावे, पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल नाही.

ज्यांना हे सगळे घरी करणे शक्य नाही, उदाहरणार्थ नाट्यसंस्था, वाचनालये, जुनी गणेश मंडळे, त्यांनी काम बाहेर देताना दुकानदाराकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात. रेकॉर्डिंग एसपी किंवा त्याहून वरच्या मोडमध्ये असेल. डिस्कबरोबर मूळ व्हीओबी फाइली पेन ड्राइव्हवर मिळतील. नुसती एमपी४ चालणार नाही. बुरशीची कॅसेट दिसली तर न चालवता कळवले जाईल. आणि सर्व कॅसेटी परत मिळतील. 'तीन कॅसेटी एका डिस्कवर बसवून देतो' असे कोणी अभिमानाने सांगितले, तर तो एलपी किंवा ईपी मोड वापरणार आहे हे समजावे आणि कॅसेटी उचलून दुसरे दुकान गाठावे.

आपला,
एक वाचक, पुणे